जसंच्या तसं

"अहो भाजीवाले... अहो, माझी छत्री!"

एव्हरशाईन सिटीच्या फाटकाबाहेर दर रविवारी सकाळी उभा राहणारा टेम्पो निघायच्या तयारीत होता. श्रावणातली सर नुकतीच थांबली होती. पडवळ निवडताना क्षितिजाने छत्री पाटीवर ठेवली होती, आणि आता टेम्पोवाला तरुण छत्रीसकट ती पाटी वर चढवत होता. तिने पुन्हा पुन्हा हाक मारली. तो वळला नाही. शेवटी ती चिखल तुडवत त्याच्या समोर गेली, दोन्ही हात हवेत नाचवले आणि म्हणाली, "बहिरे आहात का?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग शांतपणे मान डोलावली. हो.

क्षितिजाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्याने मात्र छत्री झटकून तिच्या हातात दिली आणि तिचा चेहरा पाहून मोठ्याने, मोकळं हसला. टेम्पोच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. त्याकडे त्याने बोट दाखवलं. प्रौढांसाठी सांकेतिक भाषेचा वर्ग, होळी गावातल्या वाचनालयाची वरची खोली, रविवारी दुपारी. शिकवणार: विघ्नेश चौधरी. बोट कागदावरून उठलं आणि त्याच्याच छातीवर टेकलं.

ती त्याच दुपारी गेली. माफी मागायला, असं तिने घरी सांगितलं. माफी पाच मिनिटांत उरकली. वर्ग सुटेपर्यंत मात्र ती उठली नाही.

विघ्नेश जन्मापासून कर्णबधिर. मुंबईच्या शाळेत राहून शिकला, आणि नोकरी मिळत असतानाही सांडोरला घरच्या वाडीवर परतला, कारण त्याला केळी लावायला आवडत होतं. शिकवताना तो फार कडक होता. सुरुवातीला थोडा वेळ वर्गाच्या दुभाषी रिटा मिस त्याचं बोलणं मराठीतून सांगत. त्यांचे आईवडील दोघेही कर्णबधिर. त्या तोंडाने बोलण्याआधी हातांनी बोलायला शिकल्या होत्या. त्यानंतर खोलीत आवाज बंद. कुणी कुजबुजलं, की विघ्नेश दिव्याचं बटण खालीवर करी आणि सगळे शाळकरी मुलांसारखे गप्प होत.

क्षितिजाला बोटं लवकर जमली. नजर जमेना. ती सारखी त्याच्या हातांकडे बघे, आणि तो सारखा स्वतःच्या चेहऱ्याकडे खूण करी: इथे बघ. या भाषेत डोळे वळवले की समोरच्याचं बोलणं तुटतं. अनोळखी माणसाकडे टक लावून पाहू नये, हे आईने लहानपणापासून बजावलेलं. आणि इथे न पाहणं हाच उद्धटपणा. ती पाहायला लागली. त्याच्या उजव्या भुवईत एक बारीक खूण होती. प्रश्न विचारताना ती भुवई दुसरीच्या थोडी आधी उठे.

कर्णबधिर माणसं आपल्या ओळखीच्यांना खुणेचं नाव देतात. स्वतःचं स्वतः ठेवता येत नाही. वर्गातल्या रिक्षावाल्या गॉडफ्रेला मिशीचं नाव मिळालं. क्षितिजाची पाळी आली तेव्हा विघ्नेशने दोन्ही हात डोक्यावर नेऊन वेड्यासारखे नाचवले. सगळा वर्ग हसला.

"हे बदलून दे," तिने हातांनी म्हटलं.

"तूच ठेवलंस," त्याने उत्तर दिलं. "मी फक्त पाहिलं."

दिवाळीच्या सुमाराला सोसायटीत एक बैठक झाली. विघ्नेशचा टेम्पो रविवारी फाटकाच्या आत येऊ द्यावा का, हा विषय होता. रिटा मिसना ताप होता, म्हणून दुभाषी म्हणून क्षितिजा उभी राहिली. रिटा मिसनी फोनवर तिला बजावलं होतं. भर घालायची नाही, गाळायचं नाही, आणि 'तो म्हणतो' असं कधी म्हणायचं नाही. 'मी' म्हणायचं. बोलणारा तो असतो, तू नव्हे.

बैठकीत खजिनदार म्हणाले, "बिचारा आहे, येऊ द्या की." क्षितिजाचे हात क्षणभर अडले. मग तिने सांगितलं, तुझी भाजी त्यांना आवडते. विघ्नेशने उत्तर दिलं: भाजी वाईट असेल तर हाकला, चांगली असेल तर घ्या, दया नको. तिने हसून मोठ्याने म्हटलं, "मी तुम्हा सर्वांचा आभारी आहे."

टाळ्या पडल्या. परवानगी मिळाली.

जिन्यात विघ्नेश थांबला. 'बिचारा' हा शब्द त्याने ओठांवरून बरोबर वाचला होता. तो आयुष्यभर वाचत आला होता. आणि तो जे बोलला होता, त्यावर कुणी हसून टाळ्या वाजवत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"माझे हात," तो सावकाश म्हणाला, "आणि शब्द तुझे?"

पुढच्या रविवारी टेम्पो फाटकाबाहेरच उभा होता. वर्गात त्याने तिला इतरांसारखंच शिकवलं, नेमकं आणि सभ्यपणे. तेच तिला सोसवेना. एका शनिवारी ती सांडोरला वाडीवर गेली. तो राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून सुकेळी करण्यासाठी फळीवर मांडत होता. ती समोर उभी राहिली आणि बैठकीतलं प्रत्येक वाक्य तिने हातांनी पुन्हा सांगितलं. खजिनदारांचं, त्याचं, आणि त्याच्या जागी आपण घातलेलं. काहीही गाळलं नाही.

"का केलंस?" त्याने विचारलं.

"वाटलं... तुला लागेल."

"लागलं तर लागू दे. ते माझं आहे."

तिने मान खाली घातली आणि लगेच वर केली, कारण डोळे वळवून चालणार नव्हतं.  मग फळीवर आदल्या खेपेची तयार सुकेळी होती, त्यातलं एक त्याने तिच्या हातावर ठेवलं. त्यानंतर शनिवारही वाडीवर जाऊ लागले. बोलणं पुष्कळ झालं. एक सोडून सगळ्या विषयांवर.

घरी हे लपणं शक्य नव्हतं. भांडी घासताना क्षितिजाची बोटं आपोआप हलत आणि आई, विनिताताई, ते पाहत. अखेर वडील, रमेशराव, म्हणाले की त्या मुलाला एकदा घरी बोलाव. मुंबईतल्या कचेरीत वर्षानुवर्षं काढलेले ते मोजकं बोलणारे गृहस्थ होते. विनिताताईंनी सवयीने पोहे केले, आणि बशा भरताना त्याचा अर्थ ध्यानात येऊन स्वतःच बावरल्या.

रमेशराव पूर्ण वेळ मुलीकडे पाहून बोलत होते. "त्याला विचार, घरी कोण कोण असतं."

तिने विचारलं आणि त्याचं उत्तर सांगितलं. "आई, थोरला भाऊ, वहिनी. आणि माझी वाडी."

"तुझी?" विनिताताई म्हणाल्या.

"त्याची. आत्ता मी त्याचं बोलते आहे, आई."

रमेशरावांनी बशी खाली ठेवली आणि बायकोकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण बहिरा जावई... लोक आपल्या क्षितूलाच नावं ठेवतील."

क्षितिजाचे हात हलू लागले होते. विनिताताई दचकल्या. "अगं, हे कशाला सांगतेस त्याला?"

"त्याच्यासमोर बोललात ना, बाबा."

रमेशरावांचा चेहरा लाल झाला. विघ्नेशने वाक्य शेवटपर्यंत पाहिलं आणि मग तो बोलू लागला. ती त्याच्या हातांमागून सांगत गेली.

"काका, तुम्हाला भीती वाटते ते साहजिक आहे. माझ्या आईलाही वाटते. तुमच्या मुलीला केळीचा लोंगर उचलता येत नाही म्हणून."

विनिताताईंना हसू आवरलं नाही.

"तुमचं वाक्य तिने मला जसंच्या तसं दिलं. ते देणं तिला सोपं नव्हतं, पण दिलं. माझ्याशी असं वागणारं माणूस मला फार क्वचित भेटलं. म्हणून मला—"

तिचा आवाज थांबला. त्याचे हात पुढे जाऊन, वाक्य संपवून, स्थिर झाले होते. तो वाट पाहत होता.

"म्हणून काय?" रमेशराव म्हणाले.

खोलीत ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तिने काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. जिन्यातली ती संध्याकाळ मात्र पुन्हा आली असती. क्षितिजा ताठ बसली.

"म्हणून मला तुमची मुलगी आवडते," ती म्हणाली. "हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नव्हता. आज तिच्याच तोंडून सांगतो आहे. तुमचा होकार मी नंतर मागेन, काका. आधी... आधी तिचं उत्तर हवं."

एकही शब्द गळला नाही.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. क्षितिजा विघ्नेशकडे वळली आणि तिने उत्तर दिलं, हातांनी, थोडक्यात. त्याचे कान लाल झाले आणि तो आधी भिंतीकडे, मग पोह्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहू लागला.

"अहो, काय म्हणाली ती?" विनिताताईंनी नवऱ्याला विचारलं.

रमेशराव पहिल्यांदाच त्या मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहत होते.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "त्याला विचार."

विनिताताईंनी हातातली बशी ठेवली, खुर्ची विघ्नेशच्या समोर ओढली, आणि त्याच्या डोळ्यांत पाहत, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "काय म्हणाली रे?"