उष्ट्या दाण्यातलं मीठ

समजा, तुमच्यासमोर दोन वाट्या ठेवल्या आहेत. दोन्हींत भाजलेले खारे दाणे. डोळे मिटून खाल्ले तर दोन्ही अगदी सारखेच खारट लागतात. पण मोजलं, तर एका वाटीत दुसरीच्या तिप्पट मीठ निघतं. मग ते जास्तीचं मीठ जिभेला कळलं का नाही? ते गेलं कुठे?

शिरपूरच्या केतकीला हे कोडं पडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि ते सोडवायला तिच्याकडे जेमतेम पाच दिवस होते.

केतकीची आई वनिता चार महिन्यांपासून 'गगनकुटी'त राहत होती. गगनकुटी म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारं अंतराळस्थानक. तिथल्या काचघरात पालक नि मुळा वाढवायचं काम तिच्याकडे होतं. दर रविवारी ती पडद्यावर दिसायची, आणि दर रविवारी तिच्या मनगटावरचं घड्याळ आणखी थोडं सैल झालेलं असायचं. ती जेवत नव्हती. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं, म्हणायची. तुला काय खावंसं वाटतं, असं बाबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. आपल्या भट्टीवरचे खारे दाणे.

बाबांची दाण्या-फुटाण्यांची भट्टी होती. दाणे तीन तास मिठाच्या पाण्यात भिजवायचे, सावलीत सुकवायचे आणि तापलेल्या वाळूत परतायचे, अशी त्यांची रीत. मीठ पार गाभ्यापर्यंत मुरलं पाहिजे, हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही सांगत.

सोमवारी शाळा सुटल्यावर बापलेक पुडी घेऊन अंतराळ टपाल केंद्रात गेले. वर जाणारा प्रत्येक खाऊ तिथे पथ्या तपासायचा. पथ्या हा यंत्रमानव. उंचीने केतकीएवढाच, आणि पोटाशी एक पांढरी तबकडी. तबकडीवर खायची कुठलीही वस्तू पडली, की तो आपोआप तिचा चुरा करायचा, चुरा शुद्ध पाण्यात घोळवायचा आणि त्या पाण्यातून हलकीशी वीज सोडायचा. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी वीज सहज वाहते. त्यावरून मीठ किती ते त्याला कळायचं.

पुडीतले चार दाणे तबकडीवर पडले आणि लाल दिवा लागला. दाणे उत्तम आहेत, पथ्या म्हणाला, पण मीठ मर्यादेच्या तिप्पट आहे, पुडी वर जाणार नाही.

बाबांचे कान लाल झाले. "याला जीभ नाही," ते केतकीला म्हणाले, "आणि हा मला मीठ शिकवणार."

पथ्याला राग येत नसे. जीभ नाही हे त्याने लगेच कबूल केलं आणि नीट समजावून सांगितलं. शेंगदाण्यात प्रथिनं (शरीराची बांधणी करणारे घटक) असतात, चांगले स्निग्ध पदार्थ असतात, पोट साफ ठेवणारा चोथा असतो. रोज मूठभर दाणे खाणं कधीही चांगलं. मूठभरच, कारण दाण्यात ऊर्जाही भरपूर असते. मीठही शरीराला लागतं, पण थोडं. माणसाला दिवसभरात एक छोटा चमचा मीठ पुरे, आणि त्यात भाजी, पोळी, लोणचं, पापड, बिस्किटं सगळं आलं. जास्त झालेलं मीठ रक्तात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं आणि ते ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो. त्यालाच आपण रक्तदाब वाढला म्हणतो.

"आणि वर आणखी एक अडचण आहे," पथ्या म्हणाला. भारहीनतेत (स्वतःचं वजनच जाणवत नाही अशा अवस्थेत) हाडांना भार पेलावा लागत नाही, म्हणून ती हळूहळू कॅल्शियम गमावतात. मूत्रपिंडं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात तेव्हा त्याच्याबरोबर आणखी थोडं कॅल्शियम निघून जातं. म्हणून ही मर्यादा.

केतकीने विचारलं, बिनमिठाचे पाठवले तर? चालतील, पथ्या म्हणाला. पण ते तुझ्या आईला चवदार लागणार कसे, असंही त्याने विचारलं. वर गेल्यावर अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, नाक सर्दी झाल्यासारखं चोंदतं, आणि वास आला नाही की अर्धी चव जाते. बिनमिठाचा दाणा म्हणजे तिच्यासाठी आणखी एक पुठ्ठा.

पार्सल शनिवारी दुपारी बंद होणार होतं. त्यानंतरचं यान दोन महिन्यांनी.

मंगळवारी केतकी एकटीच केंद्रात गेली. खरं तर भांडायलाच गेली होती. खिशात दाणे होतेच, ते चावत चावत ती पथ्याला सुनावत होती, की आईचं घड्याळ आता मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं, तुला काय त्याचं. मधेच पथ्याने तिला विचारलं, की आईचं वजन नेमकं किती कमी झालं. तोंड भरलेलं होतं, म्हणून तिने चावलेला दाणा तोंडातून काढला आणि समोर दिसली त्या जागेवर ठेवून दिला. ती जागा म्हणजे पथ्याची तबकडी.

तबकडीला उष्टं-माष्टं कळत नाही. तिने मीठ मोजलं.

आई इथे असती तर पाठीत धपाटा बसला असता, हे केतकीच्या मनात आलं आणि ती घाईने तबकडी पुसायला गेली. तेवढ्यात तिला आकडा दिसला. चावून चावून अगदी गिळायच्या बेतात आलेल्या त्या दाण्यात निम्म्याहून जास्त मीठ अजून तसंच होतं.

"पथ्या, हे चुकलंय का?"

पथ्याने पुन्हा मोजलं. केतकीने आणखी पाच दाणे चावून दिले. आकडा तोच.

मग दोघं बसून विचार करू लागली. जिभेवर रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके) असतात. त्यांना कोरडं मीठ कळतच नाही. ते लाळेत विरघळून त्यांच्यापर्यंत पोचलं तरच खारट लागतं. दाणा तोंडात असतो किती वेळ? फार तर अर्धं मिनिट. तेवढ्यात वरचं मीठ विरघळतं. गाभ्यातलं मीठ तुकड्यांच्या आत अडकून बसतं आणि तसंच पोटात जातं. जिभेला पत्ता नाही, पण मूत्रपिंडांना आणि हाडांना पुरा पत्ता.

"म्हणजे बाबा जे मीठ मुरवतात, ते कुणालाच लागत नाही," केतकी हळूच म्हणाली.

हे बाबांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भट्टीतला झारा खाली ठेवला. त्यांच्या वडिलांनी तसंच भिजवलं होतं, आजोबांनीही तसंच. शेवटी ते म्हणाले, की बघू तर खरं, एक घाणा न भिजवता काढू.

बुधवारी त्यांनी दाणे कोरडेच भाजले आणि मीठ खलबत्त्यात पिठासारखं कुटून वर भुरभुरवलं. कण जितका बारीक तितका तो पटकन विरघळतो, हे केतकीने पथ्याकडून समजून घेतलं होतं. जिभेला दाणे मस्त खारट लागले, आणि पथ्याच्या आकड्यात मीठ होतं पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. म्हणजे बरोबर मर्यादेएवढं. तरीही दिवा लालच. या वेळी चुरा करणं थांबवून पथ्याने नव्या दाण्यांसकट तबकडी जराशी थरथरवली, तर खाली धरलेल्या काळ्या कागदावर पांढरी धूळ पडली. इथे ती खाली पडते, तो म्हणाला, वर तरंगत राहील, डोळ्यांत जाईल, यंत्रांत शिरेल.

घरी येताना केतकी रडकुंडीला आली होती. बाबा मात्र पहिल्यांदाच खुशीत दिसत होते, कारण हा प्रश्न त्यांच्या हातातला होता. मिठाला चिकटवायचंच आहे ना, मग त्याला ओलं करू आणि दाण्यावरच सुकवू, असं ते म्हणाले. मीठ मोजकंच घेतलं, ते अर्ध्या लिंबाच्या रसात आणि चमचाभर पाण्यात विरघळवलं. आंबटपणाने खारटपणा जास्त उठून येतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दाणे वाळूतून काढून चाळले, आणि त्यांच्यावर त्या मीठपाण्याचा हात फिरवला.

पहिल्या खेपेला दाणे जास्त गरम होते, साल तडकून निघालं. दुसऱ्या खेपेला निवाले होते, पाणी आत शिरून ते मऊ पडले. तिसऱ्या खेपेला बाबांनी तळहात दाण्यांवर धरला, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि मगच शिंतोडे मारले. चर्रर्र आवाज झाला, वाफ निघाली, आणि दाण्यांवर मिठाचा पातळसा पापुद्रा धरला.

शुक्रवारी केतकीने बाबांचे डोळे पंच्याने बांधले आणि दोन वाट्या समोर ठेवल्या. एकीत भिजवलेले जुने दाणे, दुसरीत हे नवे. यातले आपल्या भट्टीचे खरे दाणे कुठले ते सांगा, असं तिने विचारलं. बाबांनी दोन्ही खाल्ले, पुन्हा खाल्ले, आणि ठामपणे नव्या वाटीवर बोट ठेवलं. पंचा सोडल्यावर ते स्वतःशीच हसत राहिले. त्या संध्याकाळी दुकानातल्या भिजवायच्या पातेल्यात त्यांनी पाणी ओतलंच नाही.

शनिवारी पथ्याने तबकडी थरथरवली, मग जोरात हलवली. काळा कागद काळाच राहिला. मीठ मर्यादेत होतं. हिरवा दिवा लागला तेव्हा पथ्या म्हणाला, "मोजता मला येतं, पण चाखता तुलाच येतं. मंगळावर जाणाऱ्या यानासाठी अजून अठ्ठावीस पदार्थ तपासायचे आहेत. पुढच्या आठवड्यात मोकळी आहेस का?"

केतकीने बाबांकडे पाहिलं. गृहपाठ झाल्यावर, असं बाबांनी पथ्यालाच बजावलं.

पुडी वर पोचली ती आठ दिवसांनी. रविवारी पडद्यावर आईने ती उघडली. एक दाणा बाहेर तरंगत आला, तो तिने ओठांनी टिपला आणि डोळे मिटून चावत राहिली. केतकी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आईने दुसरा खाल्ला, मग तिसरा. मग तिने पुडीचं तोंड नीट बंद केलं. केतकी पडद्याजवळ सरकली.

"नाही आवडले?"

"खूप आवडले गं," आई म्हणाली. "पण आता नुसत्या दाण्यांनी भागायचं नाही. थांब हं जरा, मला भूक लागली आहे."

आणि मागे वळून भिंतीवर अडकवलेलं खिचडीचं पाकीट तिने ओढून काढलं.