घोरपडीमागून चालताना

लातूरच्या गंजगोलाईत एका पोरीच्या हाताकडे टक लावून बघितल्याबद्दल चपला खाता खाता वाचलेला, आणि पुढं तोच हात मागायला उभा राहिलेला माणूस मी जन्मात एकच बघितला. मृत्युंजय त्याचं नाव. हे खरं आहे. म्हणजे, माझ्या मानानं खरं.

अंबिका तारामतीबाईंच्या दुकानात बांगड्या भरून घेत होती. बांगडी लहान, हात जरा मोठा. तारामतीबाईंनी तिचा अंगठा आत मुडपला, बोटं जुळवून हाताची कळी केली, आणि काचेची बांगडी सुळकन मनगटावर! तोच समोरच्या बाकावरून आवाज आला,

"अजून एकदा!"

दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या.

"काय बघून राहिलात ओ?" अंबिका कडाडली.

"तुमचा हात... म्हणजे हात न्हाई, अंगठा. चिंचोळ्या जागेतून जाताना मिटतो, पलीकडं गेला की उमलतो... लई भारी डिझाइन हाय!"

"माझ्या हाताला डिझाइन म्हणता?" एव्हाना दोन बायकांनी चपलेला हात घातला होता.

"तसं न्हाई हो! पाइपलाइन साफ करायचं यंत्र बनवतो मी, नांदेडला. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं एक गाव हाय, तिथल्या पाइपात माझं यंत्र दोनदा अडकलं—"

"अच्छा!" अंबिका उठून उभी राहिली. "म्हणजे ते नांदेडचं भंगार पाठवणारे तुम्हीच? त्या लाइनची इंजिनिअर मी हाय."

आता त्या पाइपलाइनची कुंडली सांगतो. तलावाशी पाइप एवढा रुंद, की म्हैस आत शिरून रवंथ करील. मध्येच कुण्या ठेकेदारानं असा बारीक जोडला, की उंदरानं आधी उपास करावा. पुढं गावाकडं परत रुंद. आतून गंज चढलेला, नळाला चहाच्या रंगाचं पाणी. मृत्युंजयचं यंत्र म्हणजे पाण्याच्या रेट्यानं पुढं सरकणारी, गंज खरवडणारी, पोटातल्या कॅमेऱ्यानं भेगा टिपणारी वस्तू. पण रुंद पाइपाला पुरेसं केलं की अरुंदात रुतायचं, अरुंदाचं केलं की रुंदात नुसतं वाहत जायचं. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी बजावलं होतं, तिसऱ्यांदा अडकलं तर पाइप कापू आणि काम दुसऱ्याला देऊ. तसं झालं तर वर्कशॉपला कुलूप लावून पुण्याला मेहुण्याकडं नोकरीला जायचं, हे त्यानंही ठरवून टाकलेलं.

मग बांगडीच्या हातावरून त्यानं नवं यंत्र घडवलं. रबराच्या पाकळ्या, स्प्रिंगचे हात, हातांना ब्रश. भिंतीला धरून सरकायचं म्हणून गावानं त्याला 'घोरपड' म्हटलं. पोटात टिकटिक करणारा डबा. जमिनीवरून त्या आवाजामागं चालायचं, म्हणजे घोरपड कुठवर आली ते कळतं. त्यासाठी जमिनीला टेकवायची एक दांडी आणि तिला जोडलेला एक हेडफोन. एकच! एक कान त्याचा, एक कान तिचा... वायर वीतभर.

तलावावरच्या व्हॉल्व्हवर गावाला पाणी सोडणारे खाजामियाँ बसले. घोरपड आत गेली आणि दोघं निघाले. दोन्हीकडं ज्वारी, मध्येच करडईची पिवळी फुलं, आणि कानात टिक... टिक...

"लई सावकाश चाललीय," तो म्हणाला.

"चालू द्या की. तुम्हाला कुठं गाडी गाठायचीय?"

"अडकली तर पुण्याची."

अंबिकाच्या बांगड्या किणकिणल्या.

"तुमच्या बांगड्यांनी टिकटिक ऐकू येईना."

"मग काढू?"

"नको... टिकटिकीचं राहू द्या."

अशा गप्पा! गोगलगाय सुद्धा पुढं गेली असती. आणि पाइप बारीक होतो तिथं, एका लिंबाखाली, टिकटिक एका जागी थांबली. तो थांबला, ती थांबली. घोरपड काही हलेना.

मृत्युंजय बांधावर मटकन बसला. "झालं. पाकळ्या मिटल्या न्हाईत. डिझाइनच चुकलं माझं." त्यानं साहेबांना लावायला फोन काढला.

अंबिकानं त्याचं मनगट धरलं. "थांबा... डिझाइन ठीक हाय."

"मग?"

"पाण्याला जोर न्हाई. जोर असल्याशिवाय पाकळ्या मिटायच्या कशा?" ती चपलेनं ढेकूळ फोडू लागली. "सकाळीच खाजाचाचांना व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवायला सांगितला... मीच."

"तुम्ही? का पण?"

"पूर्ण उघडला असता तर तुम्ही दुपारीच गावात पोचला असता. मग जेवण, मग नांदेडची बस... आणि घोरपड अडकंल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई हो!"

तो बांधावरून उठला. "म्हणजे मी... तुम्हाला..."

"आता सगळं मीच बोलू का?" ती लाल होऊन फोनवर ओरडली, "चाचा, खोला! पूरा खोला!"

"बात झाली का तुमची?" पलीकडून खाजामियाँ.

"हाव, झाली!"

"मग इतका येळ कशाला लावला, बेटी? चाक धरून धरून माझा हात सुन्न झाला!"

जमिनीखाली गडगड झाली. टिक-टिक-टिक-टिक! पाकळ्या मिटल्या, घोरपड सुटली, आणि हे दोघं एका वायरीनं बांधलेले, ज्वारीतून धावत सुटले. गावाच्या टोकाला आधी काकवीसारखा गंज आला, मग चार बेडूक, मग निजामाच्या काळात हरवलेला एक तांब्या, आणि मग घोरपड अशी उडाली की थेट सरपंचाच्या पत्र्यावर! शपथेवर सांगतो, सरपंच दोन दिवस खाली उतरले नाहीत. मागून मात्र पाणी आलं... अगदी काचेसारखं.

चिखलानं माखलेला मृत्युंजय धापा टाकत म्हणाला, "अंबिका... तुमचा हात..."

"परत बघायचाय?"

"न्हाई. मागायचाय."

तिनं अंगठा आत मुडपून हाताची कळी केली आणि त्याच्या मुठीत सरकवली. आत गेल्यावर ती उमलली.

लग्नाला आता वर्ष होत आलं. पाइप साफ, पाणी भरपूर. पण कधीकधी रविवारी संध्याकाळी गावात नळाची धार अचानक बारीक होते. नवखी सून असली तर घागर आपटते, नावं ठेवते. सासू तिला गप्प करते,

"वरडू नकोस गं. घोरपडीमागं फिरून राहिलेत दोघं. येईल पाणी."