धवल्याचं साउंड कार्ड

"ते मला द्या."

हे मी म्हटलं, आणि अगदी त्याच वेळी माझ्या शेजारून आणखी कुणीतरी म्हटलं. वाशीच्या त्या दुकानात दुकानदार श्यामसुंदरकाकांचा हात काउंटरवर तसाच राहिला. हातात काडेपेटीएवढी काळी डबी... लॅपटॉपला बाहेरून लावायचं साउंड कार्ड. दुकानातला शेवटचा पीस.

मी वळून बघितलं. चष्मा, निळा शर्ट, गळ्यात जाडजूड हेडफोन, उन्हातून आल्यामुळे लाल झालेले कान. बरा होता. खोटं कशाला बोलू — चांगलाच होता.

"मी आधी आलेय," मी म्हणाले.

"हो, पण आत्तापर्यंत तुम्ही ते लाइटवालं मागत होतात."

ते खरं होतं. माझ्या दुसऱ्या हातात लाल-निळे दिवे लागणारं कार्ड होतंच. "त्याला काय झालं? केवढं भारी दिसतंय."

"दिसतंय ना. पण ते गेम खेळणाऱ्यांसाठी आहे. गोळी कुठून सुटली ते कळेल त्यात. तुम्हाला गाणं ऐकायचंय ना?"

"ऐकवायचंय," मी म्हणाले. "अख्ख्या जासईला."

तो हसला. मी नाही हसले, कारण माझी खरोखरच वाट लागली होती. माझ्या ताईची, सुचिताची, हळद तोंडावर आली होती. आम्हा आगऱ्यांमध्ये धवल्याशिवाय हळद लागत नाही. धवलारीण मांडवात बसून ही लग्नगीतं गाते, मग पुढचं सगळं. आमची काशीआत्या म्हणजे पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण, आणि नेमकं तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तोंडातून शब्द काढायचा नाही. ताई हट्टाला पेटली. आत्याचा धवला नाही, तर मी पाटावर बसणार नाही.

तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणाले होते, "टेन्शन घेऊ नका. एका जुन्या हळदीतलं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. लॅपटॉपवरून लावते." लॅपटॉप भावाच्या, म्हणजे दिपेशदादाच्या, डीजेला जोडला... आणि स्पीकरमधून तव्यावर बोंबील तळावेत तशी चरचर. त्यात आत्याचा आवाज शोधावा लागत होता.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला उभ्या उभ्या सांगून टाकलं. मी अशीच आहे.

"रेकॉर्डिंग आहे आत्ता?" त्याने विचारलं. "मग दोन्ही कार्डं लावून ऐका की. पण आधी दोन्हीचा आवाज सारखा करायचा. जे मोठं वाजतं ते उगाच चांगलं वाटतं."

"अनुभवाचे बोल?"

"फसलोय बऱ्याचदा."

"कार्डांच्या बाबतीत की...?"

त्याने माझ्या लॅपटॉपला कार्ड लावलं आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. आधी दिव्यांचं कार्ड. धपधप नुसती. मग ती काळी डबी... चरचर नाही, काही नाही. आत्याने श्वास घेतला तो ऐकू आला. तिच्या बांगड्या ऐकू आल्या. महिनाभर मुकी बसलेली माझी आत्या कानाशी बसून गायला लागली, आणि मला भर दुकानात रडू आलं.

त्याने रुमाल पुढे केला. "घ्या तुम्ही. कार्डपण."

"उपकार नकोत."

"उपकार कुठले? हळद झाली की मला द्या. तोपर्यंत जोडून, सेटिंग करून देतो."

"म्हणजे कार्डाच्या मागे मागे जासईला येणार?"

"कार्डाच्याच मागे, असं कुठे म्हटलं..." तो म्हणाला, आणि दुकानात एसी चालू असूनही त्याचे कान आणखी लाल झाले.

त्याचं नाव वरद. राहायला खांदेश्वरला, नोकरी बेलापूरला, मूळचा चिपळूणकडचा. ऑफिस सुटलं की तो आमच्याकडे यायचा. आम्ही ओट्यावर बसून धवल्याची सुरुवातीची कडवी ऐकायचो. पुन्हा पुन्हा तीच. हे थोडं कमी कर, ते थोडं वाढव. मी सोबत गुणगुणायची, तो ऐकायचा. आईने पहिल्या दिवशी, तो मासे खात नसेल असं समजून, त्याच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केली, तर पठ्ठ्याने जवळ्याचं कालवण मागून घेतलं. आई तिथेच पाघळली. मी त्याच्या आधीच पाघळले होते, पण ते कुणाला सांगते?

हळदीच्या आदल्या संध्याकाळी त्याने रेकॉर्डिंग पहिल्यांदाच शेवटपर्यंत जाऊ दिलं. डोळे मिटून ऐकत होता. मग एकदम उघडले.

"मनस्वी, अंकुश कोण?"

"कोण अंकुश?"

"आणि वैजयंती?"

मी हेडफोन हिसकावून घेतला. आत्या स्वच्छ, खणखणीत गात होती... वैजयंती नवरी पाटावरी गो, अंकुश नवरा मांडवदारी गो.

 धवल्यात नवरा-नवरीची नावं घालून गातात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि मी शहाणी! फोनवर ऐकताना ढोलापुढे नावं कधी कळलीच नव्हती. तेही त्या जुन्या हळदीच्या जोडीची, अंकुश आणि वैजयंतीची, ज्यांचं लग्न वर्षाच्या आत मोडलं. ताईच्या हळदीत ती नावं जासईभर वाजली असती.

"आधीची चरचरच बरी होती," मी रडवेली होऊन म्हणाले. "कुणाला कळलं तरी नसतं."

काशीआत्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. डॉक्टरांनी मौन सांगितलेलं, तरी कुजबुजलीच. "माज्याकडं काय बघतंस? नावं तू म्हन."

"मी? आत्या, मी गात नाही."

"गातेस," वरद म्हणाला. "रोज गातेस. पुढच्या कडव्यांची चाल तीच आहे, नावंच तेवढी बदलतात. सुरुवातीला आत्या वाजतील, नावांपासून तू उचल. त्या श्वास कुठे घेतात तेसुद्धा तुला पाठ आहे. मी हेडफोन एका कानावरून सरकवून तुलाच ऐकत असायचो."

"मग इतके दिवस सेटिंग काय करत होतास?"

"ते पहिल्याच दिवशी झालं होतं."

आत्या तोंडाला पदर लावून आत गेली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात आवाज तपासायचा होता. स्पीकर दादाचे, लॅपटॉपपाशी वरद, माइक माझ्या हातात. आत्या हळूच माझ्या कानाशी आली. "चेकिंगला सुचिताचा नाव घेव नको गो. नवरी पाटावर बसल्याबिगर तिचा नाव मांडवान घेत नाय. दुसरा कुनाचा बी घे."

दुसरं कुणाचं घेऊ? मी वरदकडे बघितलं. मान खाली घालून बटणं फिरवत होता.  आयुष्यात मी कधी कुठली गोष्ट दबक्या आवाजात केली नाही, आता कशाला करू? आत्याचा आवाज संपला आणि मी उचललं —

"मनस्वी नवरी पाटावरी गो... वरद नवरा मांडवदारी गो..."

तोरण बांधणारे बाबा शिडीवर थांबले. दादाने स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वरदकडे. आणि वरद? त्याने मान वर केली नाही. "लेव्हल बरोबर आहे," एवढंच म्हणाला, आणि फोन घेऊन मांडवाबाहेर निघून गेला.

झालं. मला वाटलं, संपलं सगळं. घाई केली मी. तोंड धुतलं, काजळ पुन्हा घातलं, आणि स्वतःला बजावलं की आज ताईचा दिवस आहे, रडायचं ते उद्या.

दिवेलागणीला ताई पाटावर बसली. आत्याचा आवाज मांडवभर पसरला, असा की बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. नावांपाशी दादाने तो थांबवला आणि मी गायले. सुचिताचं नाव घेतलं, नवरदेवाचं, मिथुनभाओजींचं, घेतलं, आईचं, बाबांचं, मामाचं, सगळ्यांचं. कुठेही अडखळले नाही. ताई ढसाढसा रडत होती आणि हसतही होती. आत्याने हळदीचा हात माझ्या दोन्ही गालांवर ओढला. 

मी माइक ठेवून मागे वळले, तर वरद समोर. हातात फोन.

"दुपारी निघून का गेलास?" मी सरळ विचारलं.

"घरी गेलो होतो. बोलायचं होतं घरच्यांशी." त्याने फोन पुढे केला. "दुपारचं ते कडवं परत म्हणशील?"

"का? तुला ऐकू नाही आलं?"

"मला आलं. जासईभर आलं. आईला यायचं राहिलंय... लाइनवर आहे ती."

मी त्याच्याकडे बघितलं. कान लाल, पण नजर माझ्यावरच. मी फोन घेतला, हळदीच्या गालाला लावला, आणि घसा साफ केला.

"नमस्कार काकू, मी मनस्वी," मी म्हणाले. "जरा टीव्हीचा आवाज बंद करता का?"