सतरा नंबरचा जागल्या

वाळवंटाकाठच्या उवार्गला शहरातल्या कचेरीत दुपारची झोप अजून उतरली नव्हती. लखदर एकटाच पडद्यासमोर बसला होता. वाळवंटातल्या चाळीस मनोऱ्यांच्या पायथ्याच्या खोल्यांतली यंत्रं जिवंत आहेत ना, हे पाहायचं, एवढंच त्याचं काम. प्रत्येक यंत्रात एक छोटा प्रोग्राम होता. सगळे त्याला जागल्या म्हणत. दर मिनिटाला इथून हाक जाई, तिकडून खोलीचं तापमान सांगत उत्तर येई. सलग तीन हाका वाया गेल्या की दिवा लाल होई आणि गाडी निघे.

पण वाळूच्या वादळात जागले उगाच गप्प होत. म्हणून कचेरीत रीतच पडली होती : वारा पडेपर्यंत मौन माफ. तीन हाकांची मर्यादा तीन हजार करायची. दिवे हिरवेच राहत.

गेल्या आठवड्यात ते लखदरने केलं. त्याच सकाळी कचेरीतला कारागीर कद्दूर सतरा नंबरवर दुरुस्तीला गेला होता. बाहेर वाळू साचली आणि खोलीचं दार उघडेना. फोन लागेना. शेवटी त्याने यंत्राची तार उपटली. जागल्या गप्प झाला की गाडी येईल, हे त्याला ठाऊक होतं.

दिवा दोन दिवस हिरवा राहिला. कद्दूर सापडला तेव्हा तार मुठीत होती.

साहेब लारबी कागद घेऊन आले. मानाने सगळे त्यांना सी लारबी म्हणत.

"सही कर, पोरा. 'सतरा नंबर शेवटपर्यंत उत्तर देत होता.' एवढंच आहे."

"पण सी लारबी... त्याने मुद्दाम तार..."

"मर्यादा कुणी वाढवली?"

"तुम्हीच म्हणालात..."

"लेखी आहे? नाही ना? मग गपचूप सही कर. त्याचा भाऊ खाली उभाय. कद्दूरने मदत मागितली होती का, एवढंच विचारतोय."

लखदरने मान खाली घालून सही केली. साहेब खाली गेले. जिन्यातून त्यांचा आवाज आला, "नाही रे बाबा, मागितली असती तर आम्ही धावलो नसतो?"

लखदरने पडद्याकडे पाहिलं. सतरा नंबरचे ते दोन दिवस नोंदवहीत रिकामे होते. आता ते भरले होते. मिनिटामिनिटाला उत्तर. अठ्ठेचाळीस अंश. त्रेपन्न. एकसष्ट...

"बघू दे मला." दारात कद्दूरचा भाऊ तैयब उभा होता. तो जवळ आला, बोट ठेवून वाचू लागला. "म्हणजे सतरा नंबर खरंच बोलत होता की... मी उगाच शिव्या दिल्या तुम्हाला. माफ कर, भावा."

लखदरला खरं सांगायचं होतं. आता कोण विश्वास ठेवणार?

तैयबचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. "हे काय? गुरुवारी दुपारपासून बावीस... सारखं बावीसच. ते यंत्र तर काढून तुमच्या गोदामात आणून टाकलंय ना?"

"हो..."

"मग या उन्हाळ्यात इतकं गार कुठे असतं रे?"

विचारता विचारताच तैयबने बोट मागे घेतलं. गुरुवारी दुपारी भावाला खाली ठेवायला कबरीत तोच उतरला होता; तिथली माती गार होती.

पडद्यावर नवी ओळ उमटली. बावीस.