हरणाच्या तोंडातली चिठ्ठी

हे कुणाला पटणार नाही, म्हणून आधीच सांगतो, विश्वास ठेवू नका. माझ्यावर विश्वास ठेवून मेलबर्नमध्ये गेल्या चाळीस वर्षांत कुणाचं भलं झालेलं नाही. झालं ते फक्त दोघांचं. ते दोघं आत्ता वेरिबीच्या त्यांच्या नव्या घरात, आत स्वयंपाकघरात, पुरणपोळी कुणामुळे करपली यावर भांडताहेत. आणि त्यांची नऊ वर्षांची चिन्मयी मागच्या अंगणात माझ्यासमोर मांडी घालून बसली आहे.

"विलासआजोबा, हाऊ डिड दे मीट?"

"खांबात."

"नो वे!"

"खांबातच. ऐक आता, मध्ये बोलू नकोस."

साल दोन हजार आठ. मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात तेव्हा दगड भिरकावला तर तो तीन विद्यार्थ्यांना लागून चौथ्याच्या बॅकपॅकवर पडायचा. एका घरात आठ मुलं, एक फ्रिज, आणि दुधाच्या प्रत्येक बाटलीवर मालकाचं नाव. माझ्या घराची वरची खोली मितालीला दिलेली, म्हणजे हिच्या आईला. निनाद, म्हणजे हिचा बाबा, दोन गल्ल्या सोडून. दोघं एकाच बसने युनीला जायची, एकाच दुकानातून कोथिंबीर आणायची, आणि दीड वर्षात एकदाही एकमेकांना दिसली नव्हती. दिसली कुठे? जपानात. नारा शहरात. आता यावर माणसाने वैतागायचं नाही तर काय करायचं?

मितालीच्या कोर्सची सहल होती, जुनी शहरं आणि पर्यटन असा काहीतरी विषय. निनादला कुठल्याशा सेलमध्ये स्वस्त तिकीट मिळालं होतं. मी तिथे नव्हतो. पण दोघांनी मला वेगवेगळं सांगितलंय, आणि दोघांनी जे लपवलं ते मी पदरचं घातलंय.

नाऱ्याला थोरल्या बुद्धाचं मंदिर आहे. सगळं लाकडाचं, आणि एवढं अवाढव्य की बुद्धाच्या एका तळहातावर निनादची खोली मावेल. या बुद्धाचे डोळे उघडायचा विधी करायला बाराशे वर्षांपूर्वी आपल्या भारतातला भिक्षू गेला होता. हे मी रचलेलं नाही, हे खरं आहे. मूर्तीमागे एका खांबाच्या बुंध्याशी चौकोनी भोक आहे. बुद्धाच्या नाकपुडीएवढं, म्हणतात. त्यातून आरपार गेलं की मोक्ष. शाळेतली पोरं सुळकन जातात.

मिताली त्या भोकासमोर कॅमेरा घेऊन उकिडवी बसली होती. तर आतून दोन हात आले, मग एक डोकं आलं... आणि तिथेच थांबलं.

"आई गं!" डोकं म्हणालं.

मितालीने कॅमेरा खाली घेतला. "मराठी? अडकलास?"

"नाही. मोक्षाची वाट बघतोय."

"बघ मग निवांत. तोवर मी फोटो काढते."

"अहो, ओढा ना!"

"अहो काय? मी मावशी आहे का तुझी? अगं म्हण, मग ओढते."

"अगं... ओढ!"

तिने मनगटं धरली आणि पाय रोवून ओढलं. शर्टाची दोन बटणं खांबाला अर्पण करून निनाद बाहेर आला, तो थेट तिच्या बुटांपाशी.

"मिळाला का मोक्ष?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओल्या बटा कपाळाला चिकटलेल्या, गालात हसू दाबून धरलेलं... आणि हा बाबा काही बोललाच नाही. ऐन मोक्याला गप्प बसायचं जे व्रत त्याने तेव्हा घेतलं, ते पुढे सात महिने पाळलं.

बाहेर बारीक पाऊस होता. छत्री एक, तिची. दगडी कंदिलांच्या रांगांमधून दोघं वर चढत होती. कंदील शेवाळलेले, एकमेकांना टेकून उभे असल्यासारखे. आणि नाऱ्यात हरणं मोकळी फिरतात. बिस्किट दिसलं की समोर येऊन मान लववतात. एकदा, दोनदा. दिलं नाही तर तिसऱ्यांदा. एका हरणाने निनादचा नकाशा खाल्ला.

"बघ," मिताली म्हणाली, "हरणालासुद्धा मान लववून मागता येतं."

"मला कुठे काय मागायचंय?" निनाद म्हणाला. असा हा मुलगा!

वरच्या देवळात चिमुकली लाकडी हरणं विकायला होती, प्रत्येकाच्या तोंडात गुंडाळलेली चिठ्ठी. भविष्याची. मितालीने एक घेतलं. चिठ्ठीवर कोपऱ्यात हरणाचं छोटं चित्र, बाकी सगळं जपानी. तिथली रीत अशी, की चिठ्ठी वाईट निघाली तर ती देवळातच तारेला बांधून टाकायची. घरी न्यायची नाही.

"ते सगळे बांधताहेत," निनाद म्हणाला. "तूपण बांध. काय लिहिलंय कोण जाणे!"

"प्रसाद कुणी तारेला बांधतं का रे? देवळातून रिकाम्या हाताने जायचं नसतं." आणि तिने चिठ्ठी कपाळाला लावून पर्समध्ये ठेवली.

मेलबर्नला परत आल्यावर चिठ्ठी गेली माझ्या घरच्या देवघरात, गणपती आणि अन्नपूर्णेच्या मधोमध. आणि निनाद येऊ लागला माझ्या घरी. कधी नळ दुरुस्त करायला, कधी मितालीला शिफ्टला सोडायला, कधी "काका, सहज." आठवड्यातून पाच वेळा सहज! माझ्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी स्वतः रात्री उठून बिजागऱ्या सैल करून ठेवू लागलो. पण हा मुलगा बिजागरी घट्ट करायचा, चहा प्यायचा, "नो वरीज" म्हणायचा आणि जायचा. मिताली दारात उभी राहून पाठमोऱ्या गाडीकडे बघायची, आणि दार असं आपटायची की बिजागरी पुन्हा सैल.

कोर्स संपला. पुण्याहून तिच्या वडिलांचा फोन आला, इथे नोकरी बघितली आहे, स्थळंही येताहेत, परत ये. तिकीट शुक्रवारचं निघालं. मंगळवारी निनादला कळलं. तो काय म्हणाला असेल?

"बॅगेचं वजन करायला काटा आणू का?"

मिताली धाडधाड जिना उतरून माझ्याकडे आली. "काका, हा माणूस आहे की टूलबॉक्स?"

"तू सांग की त्याला."

"मी का? खांबातून मी ओढलं. छत्री माझी होती. आता हेपण मीच करू? एक शब्द तरी त्याने बोलावा, काका. एक. नाहीतर मी शुक्रवारी जाते, आणि परत येत नाही."

डोळे भरले होते, पण बोलणं रागाचंच. मी उठलो. देवघरातली चिठ्ठी काढली, चष्मा लावला, निनादला वरून हाक मारली आणि दोघांना समोर बसवलं.

आता, मला जपानी उत्तम येतं. ओसाकाच्या एका गृहस्थांकडून मी तीन वर्षं शिकलोय. मी चिठ्ठी सावकाश, अक्षरन्अक्षर वाचली, आणि माझा चेहरा उतरला.

"काय आहे, काका?" निनाद.

"महासंकट," मी म्हटलं. "लांबच्या प्रवासाला निघेल ती पस्तावेल. ही घरात ठेवायचीच नव्हती गं पोरी! उपाय लिहिलाय खाली. जपानी बागेतल्या पाइनजवळ बांधायची. शुक्रवारच्या आत. आणि गाठ दोघांनी मारायची. एकेका हाताने."

"दोघं कोण?" निनादने विचारलं.

"ज्याने बांध म्हटलं होतं, आणि जिने ऐकलं नव्हतं."

"एवढं बारीक लिहिलंय?"

"जपानी लोक फार काटेकोर असतात."

मिताली माझ्याकडे बघत राहिली. कागदाकडे, मग माझ्याकडे. मग वर गेली.

आता जपानी बाग जवळपासही सापडली असती. पण जवळच्या बागेत या मुलाचं तोंड उघडलं नसतं. मी पत्ता दिला शेजारच्या राज्यातल्या काउरा गावाचा. तिथे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या जपानी सैनिकांची दफनभूमी आहे, आणि त्यांच्या आठवणीत गावाने मोठी बाग केली आहे. तळी, चेरी, पाइन, सगळं जपानातल्यासारखं. क्लेटनपासून आठ तासांचा रस्ता.

बुधवारी पहाटे निघाले. आठ तासांपैकी सात तास निनादने पेट्रोलच्या मायलेजवर बोलून काढले. हे मितालीने नंतर दात-ओठ खात सांगितलं. बागेत पोचले तेव्हा दुपार कलली होती, आणि तळ्यावर वाऱ्याची एक रेघ उमटत होती. माळी म्हणाला, "झाडाला नको, मेट. कुंपणाच्या बांबूला बांधा." पाइन शेजारीच होता.

तिने डावा हात पुढे केला, त्याने उजवा. कागद इवलासा. एकाने धरायचं, दुसऱ्याने वळवायचं... बोटं अडकत होती, कागद सुटत होता.

"अरे, ओढ ना!" ती वैतागून म्हणाली.

"फाटेल!"

"फाटू दे! शुक्रवारी मी जाणारच आहे!"

निनाद थांबला. चिठ्ठी दोघांच्या बोटांत. मग त्याने मान लववली. एकदा. दोनदा. अगदी नाऱ्याच्या हरणासारखी.

"तोंडाने," ती म्हणाली.

त्याने तिसऱ्यांदा मान लववली, आणि ती खालीच ठेवून बोलला, "जाऊ नकोस ना... माझ्याजवळ राहा. आयुष्यभर."

"आठ तास लागले? क्लेटनला काय धाड भरली होती तुझ्या तोंडाला?" असं म्हणून ती जी रडायला लागली, ती हसतच. गाठ मात्र बसली. एकेका हाताने मारलेली, घट्ट.

शुक्रवारचं विमान तिच्याशिवाय उडालं.

"तर चिन्मयी," मी म्हटलं, "तुझ्या आईबाबांचं लग्न झालं ते माझ्या जपानीमुळे. तुझ्या आईला काय कळणार त्यातलं? मी वाचलं, तिने भाबडेपणाने मानलं. त्या चिठ्ठीतला शब्दन्शब्द..."

"खोटं!"

मागच्या दारात मिताली उभी होती, हातात करपलेल्या पोळीचं ताट, आणि तिच्या खांद्यामागे तोंड उघडं पडलेला निनाद.

"साफ खोटं, काका! तुमच्या हातातल्या त्या चिठ्ठीवरच्या हरणाचे चारही पाय आभाळाकडे होते. मी तेव्हाच पाहिलं. आणि मग वर जाऊन पहाटेच्या प्रवासाचा डबा भरायला घेतला, दोघांचा."