मागचे पट्टे

"हसू नका, तो गॅरेजवाला मिस्त्री माझ्या रोजच्या बैठकीतला," काका म्हणाले. वीज गेली होती. आम्ही पोरं ओट्यावर दाटीवाटीने बसलो होतो.

मिस्त्रीकडे अपघातातली एक गाडी दुरुस्तीला आली होती. पुढचे दोघे वाचले, मागे उजवीकडे बसलेल्या म्हाताऱ्या बाई जागीच गेल्या. पुढच्या सीटचे पट्टे धडकेत अंगाच्या ओझ्याने ताणले जाऊन जाम झालेले. असा पट्टा पुन्हा चालत नाही, म्हणून मिस्त्रीने ते बदलले. मागचे मात्र कोरे होते. ते कोणी लावलेच नव्हते. गाडीने पीं पीं करू नये म्हणून मागच्या दोन्ही खाचांत नुसत्या क्लिपा खोचल्या होत्या. मिस्त्रीने त्या तशाच राहू दिल्या.

शनिवारी बहिणीकडे राहिलेली लेक आणायची होती. गाडीची चाचणीही होईल, म्हणून तो तीच घेऊन गेला. परत निघताना साडेअकरा झाले. लेक मागे डावीकडे बसली आणि पेंगायला लागली. बहीण म्हणाली, दादा, मागच्यांनीही पट्टा लावायचा नियम आहे. हा म्हणाला, एवढ्या रात्री पोलीस काय झाडावर बसलेत?

वस्ती मागे पडली आणि गाडी ओरडायला लागली. लेकीकडची क्लिप निघाली होती. त्याने थांबून ती पुन्हा खोचली.

थोडं पुढे गेल्यावर परत पीं पीं.

"चिमणे, हात लावू नकोस गं त्याला."

आरशात पाहिलं. तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली...

गाडी थांबवली. मागे हात घालून चाचपडलं. खाचेत क्लिप नाही. सीटवर नाही. खाली...

क्लिप त्याच्याच मांडीवर होती.

आमच्यातला जाड्या सरकून माझ्या अंगाला चिकटला.

मिस्त्री उतरला. लेकीला पट्टा लावला. कट. आवाज बंद. गाडी निघाली.

आणि मागे, उजवीकडे... कट.

त्याने वळून पाहिलं नाही.

पुढच्याच वळणावर ट्रक उभा. दिवे बंद. ब्रेक... काच... मग काहीच नाही.

मग लेकीचं रडणं. खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, बाकी ओरखडा नाही.

"गाडी परत गॅरेजात आली," काका चपला शोधत म्हणाले. "जाम झालेले पट्टे बदलले. त्याचा, लेकीचा... आणि तिच्या शेजारचा."