साखरेचा कोंबडा

फान यिंग पहाटे बसमधून उतरली तेव्हा तिच्या एका हातात रताळ्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली सनई. पंधरा वर्षांची पोर. काइफेंग शहर तिने कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त होण्यापूर्वी मी तिच्या खेड्यातल्या शाळेत सहा वर्षं शिकवलं होतं, म्हणून ती आमच्याकडे उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी कला विद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. सनईसाठी यंदा एकच जागा होती, आणि माझी नात जिंगशूही त्याच जागेसाठी बसणार होती.

दोघी एकमेकींशी जरा जास्तच नीट वागत होत्या.

"आज सनईला हात लावायचा नाही," मी सांगितलं. "आज शहर बघायचं."

सकाळी लोखंडी मनोऱ्याकडे गेलो. नाव लोखंडी असलं तरी तो विटांचाच आहे. आतला जिना इतका अरुंद की पुढच्याच्या टाचा आपल्या नाकाशी येतात. मी खाली बाकावर बसलो. जिंगशू अर्ध्यावरून धापा टाकत परतली. बऱ्याच वेळाने फान यिंग धावत खाली आली.

"गुरुजी, वरून तळं दिसतं आणि तळ्यात दुसरं आभाळ, आणि एक आजोबा छपरावर मुळे वाळत घालत होते, त्यांनी मला हात केला, आणि बस अगदी काडेपेटीएवढ्या—"

"मध्ये श्वास तरी घे," जिंगशू म्हणाली. "परीक्षकांना वाटेल आत पंप बसवलाय."

फान यिंग हसली. "आमच्याकडे लग्नात नवरी अंगणात येईपर्यंत सूर तोडायचा नसतो. आणि नवऱ्या काय वेळेवर येतात होय?"

जिंगशू हसली नाही.

दुपारी नगाऱ्याच्या मनोऱ्यामागच्या बाजारात शिरलो. वारा बोचरा होता. शेंगदाण्याच्या वड्या, तांब्याच्या घागरींतून ओतली जाणारी बदामाची पेज, निखाऱ्यावरचं मटण, कापडी वाघ. फान यिंग सगळं बघत होती, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून. टोपीवाला ओरडला, "हात लाव की पोरी, टोपी चावत नाही." ती आणखीनच आखडली.

गल्लीच्या टोकाला साखरेचे प्राणी करणारी एक बाई बसली होती. कोमट साखरेचा गोळा घ्यायचा, त्यातूनच लांब पोकळ नळी ओढायची. गिऱ्हाईक नळीतून फुंकतं आणि ती बोटांनी आकार देते. मी दोघींना विचारलं. जिंगशूला घशाची काळजी होती. फान यिंग पुढे झाली.

"फुंक," बाई म्हणाली. "मी सांगेपर्यंत थांबू नकोस."

पोर फुंकत राहिली. गोळ्याचं लिंबू झालं, लिंबाचं संत्रं झालं, संत्र्याचं खरबूज झालं. आजूबाजूची माणसं थांबली. बाईने चोच ओढली, तुरा चिमटला, शेपटी उलगडली. इतका मोठा, इतका पातळ कोंबडा मी पाहिला नव्हता. थंडीत त्याची लगेच काच झाली. तरी त्याचं पोट किंचित वर-खाली होत होतं. वाऱ्याने हलत असेल, असं मी समजलो.

फान यिंगने तो जिंगशूपुढे धरला.

"जिने फुंकला तिनेच खावा," बाई म्हणाली.

"मी पाहुणी आहे यांच्याकडे, मावशी. घे, जिंगशू."

आमच्यात दिलेली वस्तू दोनदा नाकारतात आणि तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी घेतात. हे मीच दोघींना शिकवलं. फान यिंगच्या वर्गात तर पेन्सिली वाटताना मी त्याचा सराव करून घेत असे.

"नको, तुलाच राहू दे," जिंगशू म्हणाली.

"घे ना."

"अगं खरंच नको."

"माझ्यासाठी घे."

जिंगशूने दोन्ही हात पुढे केले. बाई खाली बघून हात पुसू लागली. साखर कडकन फुटली आणि जिंगशूच्या चष्म्यावर वाफ धरली.

आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर फान यिंग पायरीवर बसली. "हवा मानवली नसेल," मी म्हटलं. संध्याकाळी तिने सनई तोंडाला लावली, तर नुसतं ओलं खसखसणं ऐकू आलं. सकाळी पेजेवर फुंकर घालायला गेली, तर वाफ हललीसुद्धा नाही. तिने वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, आईने म्हैस विकून पाठवलंय मला."

मी दोघींना घेऊन बाजारात गेलो. मी अशा गोष्टी मानत नाही. तरीही गेलो.

बाईने काही विचारलं नाही. जिंगशूकडे बोट करून म्हणाली, "हिने फुंकावा. तिने खावा. गेलं तसंच येतं."

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

"घ्यायला तिचा हात पुढे आला पाहिजे, एवढंच. मी मध्ये पडत नाही."

जिंगशूने फुंकलं. आदल्या दिवशी अर्ध्या जिन्यावर दमलेली मुलगी. कोंबडा कालच्याहून मोठा झाला.

तिने तो पुढे धरला. "घे."

फान यिंगचे ओठ निळसर झाले होते. डोळे कोंबड्यावरच होते. पण तोंडून गेलं, "नको, तुलाच राहू दे."

"घे ना."

"नको गं, खरंच." आणि तिचे हात वर येऊ लागले. दोन्ही हात, मी शिकवले तसे.

जिंगशूने माझ्याकडे पाहिलं.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आयुष्यभर मी मुलांना तेवढंच सांगत आलो होतो, समोरच्याला पुन्हा एकदा विचार, बाळ.

मी टोपीवाल्याच्या टोप्यांकडे बघू लागलो.

जिंगशूच्या दातांखाली साखर कडकन फुटल्याचा आवाज आला.

फान यिंगचे हात थोडा वेळ तसेच होते. मग तिने ते पाठीमागे बांधले.

परीक्षेत जिंगशूने धरलेला सूर परीक्षकांनी शेवटी हात वर करून थांबवला. फान यिंगला मीच बसमध्ये बसवून दिलं. खिडकी बंद करायचीही ताकद तिच्यात नव्हती. ती मी बाहेरून लोटली.

वसंतात विद्यालयात वैद्यकीय तपासणी झाली. पालक म्हणून मी गेलो होतो. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने जिंगशूच्या पाठीवर नळी टेकवली.

"आता श्वास रोखून धर."

तिने धरला.

तो ऐकत राहिला. नळी थोडी खाली सरकवली, पुन्हा ऐकलं.

"रोख म्हटलं ना, बाळ. धापा टाकू नकोस."

जिंगशूचे ओठ घट्ट मिटलेले होते. छाती हलत नव्हती. ती शांतपणे माझ्याकडे बघत होती.